कलन आणि वेळेचा हिशेब

महाराष्ट्रात दहावीनंतर विज्ञान शाखा निवडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पुढच्या दोन वर्षांत जे गणित येते, त्यातला सर्वांत नवा, सर्वांत उपयोगी आणि अनेकांना सर्वांत अवघड वाटणारा भाग म्हणजे कलनशास्त्र. बदलत्या राशींचा अभ्यास करणाऱ्या या शाखेची दोन अंगे आहेत: एखादी राशी एखाद्या क्षणी कोणत्या दराने बदलते हे सांगणारे अवकलन, आणि क्षणोक्षणी होणाऱ्या बारीक बदलांची बेरीज करून एकूण परिणाम काढणारे समाकलन. वर्गात ही नावे क्वचितच ऐकू येतात. राज्यातल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान इंग्रजीतून शिकवले जात असल्यामुळे तेथे डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, लिमिट, डेरिव्हेटिव्ह हेच शब्द रुळले आहेत. राज्य मंडळाच्या अकरावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातली शेवटची तीन प्रकरणे सीमा, सांतत्य आणि अवकलन यांची ओळख करून देतात, आणि बारावीच्या दुसऱ्या भागातली पहिली सहा प्रकरणे, म्हणजे अवकलन व त्याचे उपयोग, अनिश्चित व निश्चित समाकलन, त्याचे उपयोग आणि अवकल समीकरणे, ही सगळी कलनाचीच आहेत.

हा विषय सावकाश मुरवून शिकण्याचा आहे, आणि नेमका तोच निवांतपणा या दोन वर्षांत मिळत नाही. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, बहुधा जोडीला जीवशास्त्र, भाषा, प्रयोगशाळेतली प्रॅक्टिकल आणि त्यांची जर्नल, कॉलेजखेरीज क्लासचे तीन-चार तास, आणि या सगळ्यांमधला लोकलचा किंवा एसटीचा प्रवास, एवढ्यानंतर जे उरते तो विद्यार्थ्याचा स्वतःचा वेळ. बारावीत जानेवारीत जेईई मेनचे पहिले सत्र, फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची परीक्षा, एप्रिलमध्ये जेईई मेनचे दुसरे सत्र आणि त्याच सुमारास एमएचटी-सीईटी अशी रांग लागते. अशा वेळी अभ्यासाचे तास वाढवा हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बहुतेकदा निरुपयोगी ठरतो, कारण वाढवायला तास उरलेलेच नसतात. जे करता येते ते क्रमाच्या बाबतीत. कलनाची खरी तयारी ही त्याच्या खालच्या बीजगणिताची आणि त्रिकोणमितीची तयारी असते, आणि ती वेळेआधी झाली तर कलनातली एकेक कल्पना गणिताबरोबरच भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे कामही हलके करते.

मूळ कल्पना तशी छोटी आहे. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या काही सेकंदांत किती अंतर पडला हे काढण्यासाठी, गुरुत्वत्वरण दर सेकंदाला १० मीटर प्रतिसेकंद एवढे धरल्यास, सेकंदांचा वर्ग करून त्याला ५ ने गुणावे लागते. म्हणजे दोन सेकंदांत २० मीटर आणि तीन सेकंदांत ४५ मीटर. आता बरोबर दोन सेकंद झाले त्या क्षणी दगडाचा वेग किती होता, असे विचारले तर साधा भागाकार चालत नाही, कारण एका क्षणात अंतरही शून्य आणि वेळही शून्य. मात्र दुसऱ्या ते तिसऱ्या सेकंदातला सरासरी वेग २५ मीटर प्रतिसेकंद येतो, २ ते २.१ सेकंदांतला २०.५ येतो, २ ते २.०१ सेकंदांतला २०.०५ येतो, आणि कालावधी जितका आखडावा तितके हे उत्तर २० च्या जवळ सरकते. ज्या संख्येकडे ते असे सरकत जाते तिला सीमा म्हणतात आणि अशा रीतीने मिळालेल्या तात्क्षणिक दराला अवकलज म्हणतात. आलेखाच्या भाषेत बोलायचे तर वक्रावरच्या एका बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ म्हणजेच तेथला अवकलज.

क्षणाच्या गतीचा हा विचार या भूमीला परका नाही. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मधल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची सरासरी दैनंदिन गती आणि त्याची 'तात्कालिकी गती' यांत भेद केला, आणि ज्येतला, म्हणजे आजच्या भाषेत साइनमधला, बारीक बदल कोज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात असतो हे गणनेत वापरले. बारावीचा विद्यार्थी साइनचा अवकलज कोसाइन असे पाठ करतो तेव्हा तो त्याच संबंधाचे नवे रूप पाठ करत असतो. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख आहे. युरोपात सतराव्या शतकात न्यूटन आणि लाइब्निट्स यांनी कलनाला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले, लाइब्निट्सचा पहिला लेख १६८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण सीमेची काटेकोर मांडणी कोशीच्या १८२१ च्या ग्रंथापासून सुरू झाली आणि वायरश्ट्रासने ती पुढे पूर्णत्वाला नेली. म्हणजे जगातल्या उत्तमोत्तम गणितज्ञांनी सव्वाशेहून अधिक वर्षे अवकलन वापरले, त्यातून ग्रहगती आणि यंत्रे उलगडली, आणि सीमेचा पाया त्यांच्यानंतर भरला गेला. पाठ्यपुस्तकात हा क्रम उलटा असतो: आधी सीमा, मग सांतत्य, मग अवकलन. तर्काच्या दृष्टीने तो क्रम योग्यच आहे, पण सीमेच्या प्रकरणात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याला कलन जमणार नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण इतिहासात तीच पायरी सर्वांत उशिरा बांधली गेली आहे.

विद्यार्थी अडखळतो ती जागाही नीट पाहिली पाहिजे. क्षच्या वर्गातून ४ वजा करून त्या बाकीला क्ष वजा २ ने भागले, तर क्ष २ च्या जवळ जाताना काय होते, या प्रश्नात सीमेची कल्पना शेवटच्या ओळीत येते. त्याआधी वरच्या पदावलीचे अवयव पाडून समान अवयव काढून टाकावा लागतो, आणि हे काम आठवी-नववीचे आहे. १ अधिक क्ष यांच्या वर्गमूळातून १ वजा करून क्षने भागायचे असेल, तर अंशाचे परिमेयीकरण, म्हणजे जोडपदाने गुणून वर्गमूळ हटवणे, जमले पाहिजे. ते जमले की उत्तर अर्धा हे दोन ओळींत मिळते. साइनच्या वर्गाचे समाकलन करताना दुप्पट कोनाचे सूत्र आठवले नाही तर पुढे पाऊलच पडत नाही, आणि ते सूत्र समाकलनाचे नसून त्रिकोणमितीचे आहे. अशी गणिते एकामागून एक तपासली तर दिसते की पाच ओळींच्या उत्तरात कलनाची ओळ एक आणि उरलेल्या चार बीजगणिताच्या असतात. बारावीच्या उत्तरपत्रिकेत कलनात गेलेले गुण पुष्कळदा या चार ओळींमध्ये गेलेले असतात.

यातली एक चूक वेगळी सांगण्याजोगी आहे. फलन म्हणजे प्रत्येक आदानाला नेमके एक प्रदान नेमून देणारा नियम, आणि अवकलजाच्या व्याख्येत त्या नियमात क्षच्या जागी क्ष अधिक एक छोटी वाढ घालावी लागते. अनेक विद्यार्थी वाढ नियमाच्या आत घालण्याऐवजी उत्तराला बाहेरून जोडतात. वर्ग करण्याचा नियम असेल तर संपूर्ण बेरजेचा वर्ग करण्याऐवजी क्षचा वर्ग करून त्यात वाढ मिळवतात. ही चूक निष्काळजीपणाची नाही. फलन हा यंत्रासारखा नियम आहे, अक्षरांची नुसती रचना नव्हे, ही समज पक्की न झाल्याचे ते लक्षण आहे, आणि पुढे संयुक्त फलनापाशी, म्हणजे एका फलनाचे उत्तर दुसऱ्या फलनात घातले जाते तेथे, तीच उणीव मोठी होऊन समोर येते. क्षच्या वर्गाचा साइन आणि क्षच्या साइनचा वर्ग या दोहोंत तीच दोन कामे उलट क्रमाने केलेली आहेत: पहिल्यात आधी वर्ग मग साइन, दुसऱ्यात आधी साइन मग वर्ग. साखळी नियम सांगतो की बाहेरच्या फलनाचा अवकलज घेऊन त्याला आतल्या फलनाच्या अवकलजाने गुणावे. त्यामुळे पहिल्याचे उत्तर क्षच्या वर्गाचा कोसाइन गुणिले २क्ष असे येते आणि दुसऱ्याचे दोनदा साइन गुणिले कोसाइन असे. आत काय आणि बाहेर काय हे तोंडाने म्हणून दाखवता आल्याशिवाय हा नियम हातात बसत नाही, म्हणून अकरावीच्या फलनांच्या प्रकरणावर घालवलेला आठवडा बारावीत महिनाभराचा त्रास वाचवतो.

वेळेच्या हिशेबातली सर्वांत मोठी विसंगती मात्र विद्यार्थ्याच्या हातची नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राचे दुसरे प्रकरण गणिती पद्धतींचे असून त्यात सदिशांबरोबर अवकलन आणि समाकलनाची तोंडओळख येते, आणि तिसऱ्या प्रकरणापासून वेग व त्वरण त्याच भाषेत मांडले जातात. गणिताच्या पुस्तकात अवकलन दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात आहे. गणिताचे दोन्ही भाग समांतर शिकवले जात असले तरी गणिताच्या वर्गात अवकलज भेटण्याआधी कित्येक महिने तो भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरला गेलेला असतो. ज्याला याची कल्पना नसते तो विद्यार्थी पहिल्या सत्रात भौतिकशास्त्रालाच घाबरतो, सूत्रे पाठ करून वेळ मारून नेतो, आणि गणितात विषय येतो तेव्हा त्याच्या मनात अवकलनाविषयी धास्ती आधीच बसलेली असते. हे अंतर भरून काढण्याची जागा म्हणजे दहावीनंतरची सुट्टी. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग प्रत्यक्ष भरायला जून-जुलै, काही वर्षी त्याहूनही उशीर होतो. शालेय आयुष्यात एवढा सलग मोकळा काळ पुन्हा मिळत नाही.

या सुट्टीत बारावीचे समाकलन पुढे ओढून शिकण्याची घाई करू नये. अनेक क्लास ती करतात आणि त्यातून नियम पाठ होतात, आधार तयार होत नाही. रोज चाळीस-पन्नास मिनिटे, सहा-सात आठवडे, एवढ्यात पुढची कामे सहज होतात: अवयव पाडणे, अक्षरांचे अपूर्णांक एकत्र करणे आणि फोडणे, ऋण व अपूर्णांकी घातांकांचे नियम, वर्गसमीकरणे, दहावीच्या भूमितीतला रेषेचा चढ, आणि त्रिकोणमितीची नित्यसमीकरणे. यांत आलेखांना विशेष मान द्यावा. क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन, एक भागिले क्ष आणि क्षचे वर्गमूळ यांचे आलेख, किंमतींचा तक्ता करून, आलेखकागदावर हाताने काढावेत, आणि प्रत्येक वक्रावर दोन-तीन ठिकाणी पट्टी टेकवून तेथला चढ वाढतो की घटतो हे नुसते पाहावे. क्षच्या वर्गाच्या आलेखावर क्ष १ असताना चढ २, क्ष २ असताना चढ ४ आणि क्ष ३ असताना चढ ६ च्या आसपास येतो हे ज्याने पट्टीने मोजले आहे, त्याला या फलनाचा अवकलज २क्ष असतो हे सांगताना शिक्षकाला फार काही पटवून द्यावे लागत नाही.

एकदा वर्ष सुरू झाले की विषयांमधले दुवे ओळखण्यातून वेळ वाचतो, आणि हा लाभ अजून पुरेसा घेतला जात नाही. बारावीच्या रसायनशास्त्रात पहिल्या कोटीची अभिक्रिया येते, जिचा वेग उरलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो. भौतिकशास्त्रात किरणोत्सारी ऱ्हास येतो, ज्यात विघटनाचा वेग उरलेल्या अणुकेंद्रकांच्या प्रमाणात असतो. आणि गणितात अवकल समीकरणांच्या प्रकरणात वाढ व ऱ्हासाची उदाहरणे येतात. ही तिन्ही ठिकाणे एकाच समीकरणाची आहेत. अवकल समीकरण म्हणजे ज्यात अज्ञात फलनाबरोबर त्याचा अवकलजही येतो असे समीकरण, आणि 'बदलाचा दर उरलेल्याच्या प्रमाणात' या एका वाक्यातून ते तयार होते. ते एकदा सोडवले की उरलेली राशी घातांकी रीतीने घटते आणि निम्मी व्हायला लागणारा काळ, म्हणजे अर्धायुष्य, ०.६९३ भागिले स्थिरांक एवढा येतो. ०.६९३ हा आकडा रसायनशास्त्राच्या वहीत एकदा आणि भौतिकशास्त्राच्या वहीत दुसऱ्यांदा पाठ केला जातो, प्रत्यक्षात तो २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम आहे आणि समाकलनातून आपोआप बाहेर पडतो. तसेच दोलनांच्या प्रकरणात विस्थापनाचा अवकलज वेग आणि वेगाचा अवकलज त्वरण असतो, आणि वायूने केलेले कार्य दाब-घनफळ आलेखाखालच्या क्षेत्रफळाएवढे, म्हणजे एक निश्चित समाकल, असते. तीन शिक्षक तीन अक्षरे वापरून तीन वेळा जे शिकवतात ते एकाच पानावर शेजारी शेजारी लिहून काढण्याची सवय लागली, तर अभ्यासक्रमाची जाडी खरोखर कमी होते.

समाकलनाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे आणि येथे सरावाची रीत बदलावी लागते. अवकलनाचे नियम ठरलेले असतात. फलन कितीही गुंतागुंतीचे असले तरी नियम क्रमाने लावत गेले की उत्तर मिळते. समाकलनात आधी ओळखावे लागते. छेदात तिन्ही वेळा क्षचा वर्ग अधिक १ आहे आणि अंशात एकदा १, एकदा क्ष, एकदा क्षचा वर्ग आहे अशी तीन समाकलने घेतली, तर पहिल्याचे उत्तर व्यस्त टॅन फलन येते, दुसऱ्याचे छेदाच्या लॉगॅरिदमच्या निम्मे येते, आणि तिसऱ्यात आधी अंशात १ मिळवून व वजा करून भाग पाडला की क्ष वजा व्यस्त टॅन असे उत्तर येते. दिसायला तिन्ही सख्ख्या भावंडांसारखी आणि रीत तिन्हींची वेगळी. पाठ्यपुस्तकात आणि क्लासच्या नोट्समध्ये गणिते रीतीनुसार लावलेली असतात, त्यामुळे आदेशन पद्धतीच्या, म्हणजे पदावलीच्या एका भागाला नवे अक्षर देऊन सोडवण्याच्या, स्वाध्यायात कोणती रीत लावायची हा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावाच लागत नाही, आणि परीक्षेत तर निर्णयाचीच परीक्षा असते.

या बाबतीत प्रयोगाचा आधार आहे. रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींची घनफळे काढायला शिकवले. काहींनी एकेका प्रकारची गणिते सलग केली, काहींनी सगळे प्रकार मिसळून केली. सरावाच्या वेळी सलग करणाऱ्यांची कामगिरी उजवी होती, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांची २० टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळून सराव करणाऱ्यांची ६३ टक्के. मिसळलेला सराव करताना त्रास जास्त होतो आणि आपल्याला येत नाही अशी भावना होते, म्हणून विद्यार्थी तो टाळतो. वास्तविक तो त्रासच शिकण्याची खूण असतो. ज्याच्याकडे रोज केवळ एक तास आहे त्याने एका प्रकारची वीस गणिते करण्यापेक्षा चार प्रकरणांतून निवडलेली आठ गणिते करावीत, आणि त्यांतली दोन मागच्या महिन्यातली असावीत. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवले होते की शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेल्या उजळणीने टिकते.

विषय अगदी नवा असताना मात्र गणित घेऊन तासभर डोके धरून बसण्यात अर्थ नाही. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांना, तीच गणिते स्वतः सोडवत बसलेल्यांपेक्षा कमी वेळ लागला आणि तशाच नव्या गणितांत त्यांच्या चुकाही कमी झाल्या, कारण क्षणभर ध्यानात धरता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात आणि अनोळखी गणितात ती सगळी जागा धडपडीतच भरून जाते. म्हणून नव्या प्रकरणाचे पहिले दोन दिवस सोडवलेल्या उदाहरणांना द्यावेत, पुढची पायरी हाताने झाकून ती काय असेल हे स्वतःला विचारावे, आणि रीत बसू लागली की उदाहरणे बाजूला सारून मिसळलेल्या सरावाकडे वळावे.

परीक्षांचे स्वरूपही समजून घ्यावे, कारण दोन परीक्षांना दोन वेगळ्या तयाऱ्या लागतात असा समज वेळ खातो. मंडळाचा गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, त्यात पायऱ्यांना गुण असतात. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. हा वेग आडमार्गाच्या युक्त्यांपेक्षा बीजगणित हातात बसल्याने येतो, आणि पायऱ्या नीट लिहिण्याची सवय असलेला हात वहीत पाच ओळींत केलेले काम पुढे दोन ओळींत करू शकतो. वेगाचा स्वतंत्र सराव बारावीच्या दिवाळीनंतर सुरू केला तरी चालतो.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यावर आणखी एक भार असतो, आणि त्याची दखल कॉलेजांत फारशी घेतली जात नाही. त्याने चढ, स्पर्शिका, वर्गसमीकरण, परिमेयीकरण हे सगळे शिकलेले असते. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात तेच इंग्रजी नावाने समोर येते आणि त्याला सगळेच नवे वाटू लागते. दीडशे-दोनशे शब्दांची दुभाषी यादी सुट्टीत स्वतःच्या हाताने लिहून काढली तर ही भिंत बरीच खाली येते. अर्थ समजून घेताना मातृभाषेत विचार करण्यात कोणतेही उणेपण नाही, आणि शिक्षकांनी पहिले काही आठवडे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले तर विद्यार्थ्यांचे कित्येक तास वाचतील.

तास वाचवण्यासाठी झोप कापणे हा मात्र तोट्याचा व्यवहार आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांनी रोज ८ ते १० तास झोपावे अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीची २०१६ ची शिफारस आहे, आणि दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होण्यात झोपेचा वाटा असतो. क्लासवरून रात्री नऊला परतलेल्या मुलाने बारापर्यंत समाकलने करावीत ही अपेक्षा पालकांनी सोडावी, आणि कॉलेज, क्लास व टेस्ट सिरीज या तिन्ही ठिकाणी तोच पाठ तिसऱ्यांदा ऐकायला लागत असेल तर त्यातले एक कमी करावे. वाचलेला तास मुलाच्या स्वतःच्या वहीला मिळाला पाहिजे. त्या वहीची शेवटची पाने चुकांसाठी राखावीत आणि प्रत्येक चुकीपुढे ती कलनाची होती की बीजगणिताची एवढे लिहावे. महिनाभराने ही पाने वाचली की पुढच्या महिन्याचा वेळ कोठे घालावा हे कोणाला विचारावे लागत नाही.

आणि दहावीच्या गणिताची दोन्ही पुस्तके निकाल लागताच कुणाला देऊन टाकू नयेत. अकरावीची दिवाळी होईपर्यंत ती टेबलावरच असू द्यावीत.